हेड बदलताय ना, मग बाकीचं काय काय बदलायचं ते असं ठरवा

कात्रजचा घाट नाहीतर खंबाटकी, मे महिना, एसी फुल, गाडीत पाच जण, आणि काटा लालला टेकला तरी "आलंच आता वर" म्हणून गाडी तशीच रेटलेली. पुढचं सगळ्यांना माहितीये, मेकॅनिक बॉनेट उघडतो, डिपस्टिक पुसून चहाच्या रंगाचं ऑइल दाखवतो आणि म्हणतो साहेब हेड गेलं, म्हणजे सिलेंडर हेड, इंजिनचा व्हॉल्व्हवाला वरचा भाग, जो खालच्या ब्लॉकवर बोल्टांनी बसतो. खरी गंमत त्यानंतर चालू होते, कारण एक मेकॅनिक सांगतो फक्त पॅकिंग (गॅस्केट) आणि हेड टाकू बाकी सगळं मस्त आहे, दुसरा सांगतो रिंग पिस्टन बेअरिंग सगळंच करून घ्या परत बघायला नको, आणि ह्या भानगडीत पहिल्यांदाच पडलेल्या माणसाला कळत नाही ऐकायचं कुणाचं.

माझा हिशोब सरळ आहे. प्रत्येक पार्टला दोन प्रश्न विचारायचे. हा पार्ट सहा महिन्यांनी गेला तर आज जे उघडलंय तेच सगळं परत उघडावं लागेल का? आणि, ह्याच पार्टमुळे जुनं हेड गेलं का? दोन्हीपैकी एकाचं जरी उत्तर हो आलं तर तो पार्ट नवीन, किंवा निदान नीट मोजून तपासलेला पाहिजे. दोन्हीचं नाही आलं तर त्याला हात लावू नका, दुकानदार कितीही म्हणू दे. बाथरूमची फरशी फोडली की आतला पाइप बदलून घेतो, नळ नाही बदलत, तो काय कधीही बदलता येतो, तसंच.

पायरी १: उघडायच्या आधी

हेड उतरवल्यावर कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलेंडरमध्ये किती दाब बनतो ते बघायची टेस्ट, करता येत नाही. ऐकायला येडपट वाटेल पण बरेच जण हेच विसरतात, गाडी आली की लगेच पाने घेऊन सुरू. सिलेंडरमध्ये पाणी शिरलेलं असायची शंका असेल तर आधी सगळे प्लग काढून मगच सेल्फ मारा, नाहीतर पाणी दबत नसतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग प्रत्येक सिलेंडरचं कॉम्प्रेशन लिहून घ्या. जिथे कमी आलंय तिथे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून परत बघा, आकडा एकदम वर गेला तर रिंगा ढिल्या आहेत, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नाहीतर गॅस्केट. शेजारशेजारचे दोन सिलेंडर सारखेच पडलेले असतील तर बहुतेक त्या दोघांच्या मधलं गॅस्केट फुटलंय. हा कागद जपून ठेवा, खाली रिंगांचा विषय निघेल तेव्हा भांडायला हाच कामाला येतो.

आणि हो, ऑइलच्या टोपीखाली थोडी पांढरी साय दिसली म्हणजे हेड गेलंच असं नाही. पावसाळ्यात कोथरूड ते डेक्कन एवढीच गाडी चालवणाऱ्यांच्या टोपीला ती अशीही धरते, इंजिन पूर्ण गरमच होत नाही ना. खात्री करायची तर रेडिएटरच्या तोंडावर धरायची टेस्टर किट मिळते, निळं पाणी असतं त्यात, जळालेला गॅस त्यात आला की पिवळं पडतं. पाच मिनिटांचं काम आहे.

पायरी २: जुनं हेड गेलं कशाने ते शोधा

हे न करता नवीन हेड बसवणं म्हणजे नवीन हेडचीही वाट लावणं. अ‍ॅल्युमिनियमचं हेड तापलं की लोखंडी ब्लॉकपेक्षा जास्त फुगतं, बोल्टांनी आवळलेलं असतं म्हणून सरळ फुगता येत नाही, मग ते वाकतं किंवा दोन व्हॉल्व्हच्या सीटांमधल्या अरुंद पट्टीत तडकतं. पण हे झालं परिणामाचं. तापलं कशाने? थर्मोस्टॅट (पाणी गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अडकला, फॅनचा रिले गेला, रेडिएटर आतून चोंदला, वॉटर पंपाचा पंखा गंजून झिजला, होज फुटला, नाहीतर रेडिएटर कॅपचं रबर मेलं.

वाघोली, उंड्री, पिसोळी ह्या बाजूला टँकरचं नाहीतर बोअरचं पाणी असतं आणि लोक तेच बिनधास्त रेडिएटरमध्ये ओततात. बोअरच्या जड पाण्याचा खर आत बसतो, गीझरच्या कॉइलवर बसतो तोच, आणि रेडिएटरच्या बारीक नळ्या बंद होतात. म्हणून कूलिंगचं माझं मत एकदम कडक आहे. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर कॅप, दोन्ही डोळे झाकून नवीन. कॅप म्हणजे नुसतं झाकण नाही, ती प्रेशर धरते म्हणून पाणी १०० डिग्रीच्या वर जाऊन पण उकळत नाही, आणि ती सगळ्या कामातला सगळ्यात स्वस्त पार्ट असते. होज दाबून बघा, टोकाशी फुगलेला किंवा आतून चिरलेला असेल तर बदला. रेडिएटर उतरवून धुवून फ्लो तपासून घ्या, फॅन डायरेक्ट देऊन फिरवून बघा. कूलंट कंपनीने सांगितलेलंच, कॉन्सन्ट्रेट असेल तर डिस्टिल्ड पाण्यात, साधारण निम्मं-निम्मं.

वॉटर पंपाचं गाडीवर अवलंबून आहे. टायमिंग बेल्टवर फिरणारा असेल तर प्रश्नच नाही, नवीन. बाहेरच्या फॅन बेल्टवर असेल आणि शाफ्ट हलत नसेल, खालच्या बारीक भोकातून पाणी आल्याची खूण नसेल, तर राहू द्या.

पायरी ३: हेड कुठलं आणणार त्यावर अर्धी यादी ठरते

तीन पर्याय असतात. नवीन पण रिकामं हेड, म्हणजे व्हॉल्व्ह, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा फिरता शाफ्ट) काहीच नाही. नवीन पूर्ण भरलेलं. आणि जुन्या इंजिनाचं, भंगारातून किंवा जुन्या बाजारातून आणलेलं.

रिकामं आणलं तर तुमच्या जुन्या हेडमधले व्हॉल्व्ह, स्प्रिंगा, कॅम त्यात जाणार, पण तपासून. व्हॉल्व्हची दांडी काचेवर लोळवून बघा, वाकलेली असेल तर डोकं डुगडुगताना दिसतं. टायमिंग बेल्ट तुटून हेड गेलेलं असेल तर ठोकलेले व्हॉल्व्ह सरळ करायच्या नादाला लागू नका, फेकायचे. स्प्रिंगांची मोकळी उंची मोजायची, बुटकी झालेली बाजूला काढायची. गाईडमध्ये व्हॉल्व्ह घालून डावी-उजवीकडे हलवून बघायचा. मग सीटवर घासून बसवायचा, पेस्टची करडी पट्टी सगळीकडून सारखी आणि अखंड उमटली पाहिजे, कुठे तुटक दिसली तर अजून काम बाकी आहे.

जुन्या बाजारातून हेड आणताय तर खूप बघून घ्या. सगळ्यात आधी कास्टिंगवरचा नंबर, एकाच नावाच्या गाडीत दोन-तीन इंजिनं येऊन गेलेली असतात आणि बाहेरून हेड सारखीच दिसतात, पण सेन्सरचं भोक नसतं, नाहीतर पोर्ट वेगळा असतो. मग कॅमच्या टोप्या. ज्या इंजिनात कॅमशाफ्ट हेडवरच्या टोप्यांमध्ये फिरतो तिथे त्या टोप्या हेडला लावूनच भोक मारलेलं असतं, त्यामुळे त्या टोप्या त्याच हेडच्या, त्याच जागी, त्याच दिशेने. एका हेडच्या टोप्या दुसऱ्याला लावल्या तर कॅम जाम होतो किंवा आवळतानाच अडकतो. विकणारा म्हणाला की टोप्या देतो दुसऱ्या, सारख्याच असतात, तर तिथून निघा. ज्या जागी कॅम टेकतो तिथे नखाने ओढून बघा, नख अडकेल इतक्या रेघा असतील तर ते हेड भंगारच.

अजून एक, टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मधला पार्ट) आणि कॅम एकमेकांबरोबर झिजलेले असतात. जुना कॅम ठेवायचा तर त्याचे टॅपेट त्याच क्रमाने परत गेले पाहिजेत. ह्याला महागडं काही लागत नाही, मिठाईच्या खोक्याचं झाकण घ्या, त्यात भोकं पाडा, एक-दोन-तीन-चार, इनलेट एक्झॉस्ट असं मार्करने लिहा आणि काढेल तसं खोचत जा. दुसऱ्याचे सुटे टॅपेट तुमच्या कॅमखाली घालू नका. हायड्रॉलिक टॅपेट असतील आणि गाडी लाखाच्या वर चाललेली असेल, ऑइलमध्ये पाणी जाऊन गाळ झालेला असेल, तर मी सरळ नवीन टाकतो. नंतर सकाळी सकाळी टिक टिक ऐकत बसण्यात काही अर्थ नाही. साधे टॅपेट असतील तर क्लिअरन्स नव्याने मोजायचं, हेड बदललं की जुनं सेटिंग संपलं.

पायरी ४: मशीन शॉप

भोसरी, चिंचवडकडे आणि शहरातही इंजिन हेडचं काम करणारे भरपूर वर्कशॉप आहेत. तिथे हेड टाकून "फेस मारा", म्हणजे हेडची खालची बाजू मशीनवर सपाट करा, एवढंच सांगून येऊ नका. आधी प्रेशर टेस्ट. पाण्याच्या वाटा पट्ट्या लावून बंद करतात, आत हवा भरतात, हेड गरम पाण्याच्या हौदात बुडवतात आणि बघत बसतात. बुडबुड्यांची बारीक माळ व्हॉल्व्हच्या सीटांमधून वर येताना दिसली की विषय संपला. गार पाण्यात हीच चीर कधी कधी गप्प बसते, म्हणून गरम पाण्याचा आग्रह धरा आणि जमलं तर समोर उभं राहून बघा. जुन्या हेडवर फेस मारायचा खर्च आधी आणि टेस्ट नंतर असं करणारे पण भेटतात, म्हणजे तडकलेल्या हेडला आधी चकचकीत करायचं आणि मग सांगायचं की हे चालणार नाही.

फेस सरळ आहे का ते स्टील पट्टी आणि फिलर गेजने (मोजक्या जाडीच्या पातळ पात्यांचा सेट) घरीच कळतं. पट्टी लांबीत ठेवा, रुंदीत ठेवा, मग दोन्ही कर्णांवर. बऱ्याच छोट्या पेट्रोल इंजिनांची मर्यादा ०.०५ मिमी असते, म्हणजे ०.०५ चं पातं पट्टीखालून सुळकन गेलं तर हेड मर्यादेच्या बाहेर. बहुतेक वेळा मधल्या सिलेंडरांपाशी जातं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. फेस मारला की हेडची उंची कमी होते, कॉम्प्रेशन वाढतं, त्यालाही कमीत कमी उंचीची मर्यादा आहे, आणि काही डिझेल हेडना तर फेस मारायची कंपनीची परवानगीच नसते. जुन्या बाजारातलं हेड आधीच एकदोनदा मारलेलं असू शकतं, व्हर्निअर लावून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. खूप तापलेलं अ‍ॅल्युमिनियम मऊ पडतं, ते हार्डनेस टेस्टला कळतं. मऊ पडलेलं हेड कितीही सपाट केलं तरी गॅस्केट परत उडवतं.

हीच पट्टी आणि हेच पातं ब्लॉकच्या वरच्या फेसवर पण लावा. नवीन हेड वाकड्या ब्लॉकवर बसवणारे कमी नाहीत.

पायरी ५: डोळे झाकून नवीन

ह्यात चर्चा नाही, म्हणून पटकन. हेड गॅस्केट. इनलेट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डची पॅकिंगं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग. व्हॉल्व्ह स्टेम सील, सगळे, नवीन व्हॉल्व्ह टाकले तरी आणि नाही टाकले तरी. कॅमचा ऑइल सील. दुकानात हेड सेट मागितला की ह्यातलं बरंचसं एकाच पुड्यात मिळतं, फुल किट घ्यायची गरज खालचं इंजिन उघडणार असाल तरच. इंजिन ऑइल आणि फिल्टर. टायमिंग बेल्टची गाडी असेल तर बेल्ट, टेन्शनर आणि आयडलर एकत्र, बेल्ट गेल्याच महिन्यात बदलला होता असं म्हणाल तरी त्याला पाणी-ऑइल लागलं का बघा, लागलं असेल तर तोही गेला. आणि क्रँकचा पुढचा ऑइल सील, बेल्ट काढलेलाच असतो तेव्हा.

हेड बोल्टांवर थोडं थांबतो कारण इथे सगळ्यात जास्त कंजुषी होते. आवळायचं माप फक्त न्यूटन-मीटरमध्ये नसून पुढे अंश पण दिलेले असतील, उदाहरणार्थ आधी अमुक एवढं आणि मग ९० अंश आणि परत ९० अंश, तर ते बोल्ट ताणले जाण्यासाठीच बनवलेले असतात आणि कंपनीने वेगळं सांगितलं नसेल तर एकदाच वापरायचे. परत वापरला तर आवळताना मऊ लागतो, वळतच राहतो, आणि कधी कधी शेवटच्या ९० अंशात तुटून ब्लॉकमध्ये राहतो. जुन्या पद्धतीचे साधे बोल्ट असतील तर लांबी नव्याशी ताडून, आटे स्वच्छ असतील तर चालतात. बोल्टाची भोकं आतून कोरडी करा, तळाशी ऑइल किंवा पाणी साचलेलं असेल तर बोल्ट आवळताना ते दबत नाही आणि ब्लॉकच चिरतो. टॉर्क पाना भाड्याने, उसना, कसाही आणा, हाताच्या अंदाजावर सोडू नका.

पायरी ६: टायमिंग चेन, आणि खालचं इंजिन

चेनवाल्या गाड्यांत लोक म्हणतात चेन आयुष्यभर चालते. चालते, ऑइल वेळेवर बदललं तर. आपल्याकडे ऑइल बदलायला दोन-तीन हजार किलोमीटर उशीर म्हणजे काहीच नाही असं समजतात, म्हणून टेन्शनर किती बाहेर आलाय आणि प्लास्टिकच्या गाईडवर चेनने खोल चर पाडलेत का ते बघा. टेन्शनर जवळजवळ संपत आला असेल तर चेन, गाईड, टेन्शनर सगळं एकत्र. नसेल तर राहू द्या.

आता रिंगा. "नवीन हेड टाकलं की वरचं टाइट होतं आणि मग खालून धूर मारतो" हे प्रत्येक गॅरेजमध्ये ऐकायला मिळतं. ह्यात थोडं तथ्य आहे, व्हॉल्व्ह नीट बसायला लागले की दमलेल्या रिंगा जास्त उघड्या पडतात. पण म्हणून चांगल्या रिंगा काढायच्या नाहीत. पायरी १ चा कागद काढा. ऑइल टाकून आकडा उडाला नव्हता, गाडी आधी ऑइल पीत नव्हती, आणि आता हेड काढल्यावर सिलेंडरच्या भिंतीवर कारखान्यातल्या तिरप्या एकमेकांना छेदणाऱ्या रेघा अजून दिसतायत, वरच्या टोकाला नखाला लागेल असा कंगोरा नाही, तर खाली हात लावायचा नाही. रेघा पुसून आरसा झाला असेल, कंगोरा लागत असेल, तर सिलेंडरचा बोअर (आतला व्यास) मोजून घ्या, आणि मग नुसत्या रिंगा नाही, बोअरिंगचं पण बघावं लागेल. अर्धवट काम इथे सगळ्यात महाग पडतं.

बेअरिंगचा प्रश्न फक्त एकाच बाबतीत येतो, ऑइलमध्ये पाणी जाऊन गाडी तशीच चाललेली असेल तर. मग चेंबर (इंजिनखालची ऑइलची टाकी) काढा, एक कनेक्टिंग रॉडची टोपी उघडा आणि बेअरिंग बघा. करडं, एकसारखं दिसलं तर ठीक. तांबूस दिसायला लागलं किंवा रेघा आल्या तर सगळी. चेंबर काढलाच आहे तर ऑइलची जाळी पण साफ करा, तिथे पाणी-ऑइलचा चिकटा हमखास अडकलेला असतो.

डिझेलवाल्यांसाठी

स्विफ्ट, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत १२४८ सीसीचं तेच १.३ मल्टिजेट इंजिन होतं, आपल्या रांजणगावला पण बनायचं, त्यामुळे पुण्यात ह्याचे पार्ट आणि माहितगार दोन्ही सहज मिळतात. त्यात चेन आहे आणि हायड्रॉलिक टॅपेट, वर सांगितलेलं दोन्ही लागू.

कुठल्याही डिझेलला इंजेक्टरखालचे तांब्याचे वॉशर नवीनच, जुने परत घालून वाचतील तेवढे पैसे एका चहात जातात. इंजेक्टर ज्या सिलेंडरचा त्याच सिलेंडरला परत, म्हणजे इंजेक्टरचा नंबर गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नव्याने भरायची (कोडिंगची) कटकट नाही. हेड गॅस्केट बऱ्याच डिझेलमध्ये दोन-तीन जाडीत येतं, कडेला खाचा किंवा भोकं असतात त्यावरून जाडी कळते. पिस्टन ब्लॉकच्या फेसच्या किती वर येतो ते डायल गेजने मोजून जाडी ठरते. ब्लॉक आणि पिस्टनला हात लावला नसेल तर जुन्यावर जितक्या खाचा तितक्याच खाचांचं नवीन, म्हणून जुनं गॅस्केट लगेच फेकू नका. ग्लो प्लग मोजून बघा, एक जरी गेला असेल तर सेट टाका, हेड टेबलावर असताना काढणं सोपं, गाडीत असताना ते तुटतात. टर्बो शाफ्टला खेळ नसेल तर टर्बो राहू द्या, फक्त त्याच्या ऑइल पाइपचे वॉशर नवीन घाला आणि पाइप आतून साफ आहे का बघा.

हात लावू नका

अल्टरनेटर, सेल्फ, क्लच (गिअरबॉक्स उतरवत नाही आपण), इंजिन माउंटिंग, पेट्रोल गाडीचे इंजेक्टर. हे सगळं नंतर वेगळं निघतं, आत्ता बदलून लेबर वाचत नाही. प्लग मात्र बघा, कूलंट जळालेल्या सिलेंडरचा प्लग वेगळाच दिसतो. ऑक्सिजन सेन्सर कूलंटच्या धुराने खराब होऊ शकतो, पण तो बाहेरून निघतो, आधी गाडी चालवून स्कॅन करा मग ठरवा.

खरेदी आणि बसवणं

यादी झाली की नाना पेठेत जा, चासी नंबर, इंजिन नंबर आणि जुना पार्ट पिशवीत घेऊन. नुसतं गाडीचं नाव सांगून आणलेलं गॅस्केट ब्लॉकवर ठेवलं की पाण्याची दोन भोकं झाकलेली निघतात, हे काउंटरवरच जुन्यावर नवीन ठेवून तपासता येतं. पैसे कमी पडत असतील तर गॅस्केट, हेड बोल्ट, बेल्ट आणि थर्मोस्टॅट कंपनीचे घ्या, टॅपेट कव्हरचं पॅकिंग चांगल्या लोकल मेकचं चालेल.

फेस साफ करताना ग्राइंडरला खरखरीत चकती लावू नका, तिची पूड ऑइलमध्ये जाते आणि बेअरिंग खाते. प्लास्टिकची पट्टी, केमिकल आणि वेळ. ब्लॉकवरच्या दोन पोकळ पिना जुन्या हेडसोबत भंगारात गेल्या नाहीत ना बघा, त्यांच्यावरच हेड जागेवर बसतं. हेड गॅस्केटला सिलिकॉन फासायचं नाही, मॅन्युअलने एखाद्या कोपऱ्यात सांगितलं असेल तर तेवढंच, बाहेर आलेला सिलिकॉनचा गोळा ऑइलच्या जाळीवर जाऊन बसतो. बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने. मग टायमिंग लावून क्रँक पान्याने हाताने दोन फेऱ्या फिरवा, कुठे अडकलं तर जोर लावू नका, परत बघा.

चालू करताना हीटर फुल गरमवर ठेवा म्हणजे हवा निघते, फॅन आपोआप एकदा लागून बंद होईपर्यंत गाडीपाशीच थांबा. ऑइलमध्ये पाणी गेलं होतं तर पहिलं ऑइल स्वस्तातलं भरा, चारपाचशे किलोमीटरला फिल्टरसकट बदला. पहिला आठवडाभर रोज सकाळी गार इंजिनवर कूलंटची पातळी बघा. पहिल्या दोन दिवसांत थोडी उतरली तर ती राहिलेली हवा असते, भरून टाका. त्यानंतरही उतरत राहिली तर घाटात न्यायच्या आधी ती निळ्या पाण्याची टेस्ट परत करून घ्या.